उपग्रह येत नसलेल्या दिवशी, सानगडीजवळच्या तलावावर

भंडाऱ्याला फिरायला कोण जातं, असं ऑफिसात तिघांनी विचारलं. मी म्हटलं, फिरायला नाही, एका बाईंची माफी मागायला चाललेय. मग पुढे कोणी काही विचारलं नाही आणि रजा लगेच मंजूर झाली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी गोव्यात समुद्राचा रंग पाहणाऱ्या उपग्रहांच्या कामात आहे. उपग्रहावर एक संवेदक असतो, आम्ही सगळे त्याला सेन्सरच म्हणतो. पाण्यावरून परत फिरणाऱ्या उजेडातले रंग तो वेगवेगळे करून मोजतो. हिरवटपणा किती, गढूळपणा किती, यावरून पाण्यात शेवाळ किती आणि मासळी कुठे सापडेल याचा अंदाज बांधता येतो. पण वरून दिसलं ते खरं की खोटं, हे कोणीतरी खाली पाण्यात जाऊन पाहावं लागतं. नाहीतर आम्ही एसीत बसून समुद्राच्या नावाखाली काय वाटेल ते खपवू.

हे पडताळणीचं काम आमच्याकडे प्रमोद करायचा. साकोली तालुक्यात सानगडीजवळ त्याचं गाव. घर ढिवरांचं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तलावात मासे धरणाऱ्यांचं. मी रत्नागिरीकडची, त्यामुळे त्याला छळायची एकही संधी सोडायची नाही. समुद्र नसलेल्या जिल्ह्यातून येऊन आम्हाला समुद्र शिकवतोस होय रे, म्हणायची. तो शांतपणे म्हणायचा, "मॅडम, तुमचा समुद्र कधी आटत नाही. आमचा तलाव उन्हाळ्यात आटते. म्हणून आम्ही जरा लक्ष देऊन पाहतो."

आमची प्रणाली समुद्र सोडून बाकी सगळ्याला जमीन समजते आणि झाकून टाकते. प्रमोदने त्या झाकणात एक भोक पाडलं होतं, बरोबर त्याच्या गावच्या तलावावर. तलाव चांगला मोठा आहे, उपग्रहाच्या चित्रात त्याचे चार-सहा ठिपके येतात. आणि खाली मोजायला होती त्याची आई. जेवायच्या स्टीलच्या ताटावर त्याने ऑइलपेंटने काळे-पांढरे चतकोर रंगवून दिले होते, खाली दगड, वर गाठी मारलेला दोर. उपग्रह एक दिवसाआड दुपारी बाराच्या सुमाराला यायचा. त्या दिवशी आई डोंगा घेऊन तलावाच्या मध्यावर जायची, ताट बुडवायची आणि ते दिसेनासं होईपर्यंत किती गाठी गेल्या ते फोनवर सांगायची. गाठी जास्त तर पाणी नितळ.

गेल्या जानेवारीत प्रमोद गेला. ताप आला आणि सहा दिवसांत सगळं आटोपलं. चौतिसाव्या वर्षी. त्याच हिवाळ्यात आमचा जुना उपग्रह बंद झाल्याचं जाहीर झालं. नवा आधीच वर गेला होता, त्याचा सेन्सर जास्त बारीक रंग ओळखणारा. ऑफिसात पेढे वाटले गेले. मी माझा पेढा ड्रॉवरमध्ये ठेवला आणि विसरले. मार्चमध्ये मुंग्या आल्या तेव्हा आठवला.

त्याच्या तेरवीनंतर त्याच्या बहिणीचा, रंजूचा, फोन आला. प्रमोदच्या मोबाइलमध्ये 'मॅडम ऑफिस' म्हणून माझा नंबर होता. ती म्हणाली, आईने आज पाणी मोजलं, आकडा कोणाला सांगायचा? तेव्हाच सांगायला हवं होतं की बाई, तो उपग्रह आता नाही. तोंडातून निघालं, "मला पाठवत जा." तेव्हापासून एक दिवसाआड दुपारी रंजूकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा यायचा. सात गाठी. आठ गाठी. मी वर केलेला अंगठा पाठवायची. मीटिंगमध्ये, भाजी घेताना, दाताच्या डॉक्टरकडे रांगेत बसून. अकरा महिने मी अंगठा पाठवला आणि त्या आकड्यांचं काही केलं नाही. करण्यासारखं काही नव्हतंच.

नोव्हेंबरात रंजूचा आवाजी निरोप आला. "मॅडम, आई परवा डोंग्यातून घसरली. गुडघ्यानं होतच नाही तिच्यानं. म्या किती सांगतलं, ऐकतच नाही. म्हणते ऑफिसवाल्या बाईले लागते आकडा. तुमीच सांगा न तिले बंद कर म्हणून." तो निरोप मी दोनदा ऐकला आणि तिकीट काढलं. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर सांगायला जी लाज वाटत होती, ती तिथे जाऊनच सोसावी असं वाटलं.

तर प्रवास. गोव्याहून विमानाने नागपूर. रात्र एका मैत्रिणीकडे काढली आणि सकाळी तर्री-पोहे खाऊन, नाकातून पाणी काढत, गणेशपेठच्या स्थानकावर साकोलीची एसटी धरली. अडीच-तीन तास धरून चला. भाडं साधारण आहे, महिलांना अर्धं तिकीट. खिडकी डावीकडची घ्या, उन्हाचा त्रास कमी होतो. भंडाऱ्याला वैनगंगेचा पूल येतो. नदी डिसेंबरातही भरलेली होती. त्यापुढे दोन्ही अंगांना धानाची कापलेली शेतं आणि बांध्यांमधून रचलेले पुंजणे. पुंजणे म्हणजे मळणीची वाट पाहणारे कापलेल्या धानाचे गोल ढीग. मला ते फार आवडले. एरवी फोटो काढले असते, त्या दिवशी हात गेला नाही.

साकोलीत हायवेलगत बऱ्यापैकी लॉज आहेत. नागझिऱ्याला वाघ पाहायला जाणारे इथेच उतरतात, त्यामुळे शनिवार-रविवार टाळा. मी खोली घेतली, आंघोळ केली, आणि उद्या काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं. तीन प्रकारांनी म्हटलं. तिन्ही प्रकारांत मी खोटारडीच वाटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सानगडीकडे जाणाऱ्या काळी-पिवळी जीपमध्ये बसले. गाडी माणसं भरल्याशिवाय सुटत नाही, घाई असेल तर चिडू नका, उपयोग नसतो. शेजारी एक आजीबाई, मांडीवर कोंबडी बांधलेली पिशवी. कोनाकडं जाऊन राहिल्या, म्हणून त्यांनी विचारलं. मी प्रमोदच्या आईचं, पारबताबाईंचं, नाव घेतलं.

"ताटवाली पारबता? तिच्याकडं सरकारचं काम हाये न बाई. वरून मशीन पाहते म्हनत, अन्‌ ही खालून मोजते. पोरगा गेला, पन काम नाही सोडलं तिनं."

"मोठी हिंमत आहे," समोरचे एक गृहस्थ म्हणाले. "आमच्यानं त पोरगा गेल्यावर वर्षभर शेतात पाय ठेवनं झालं नाही."

गाडीत सगळ्यांनी माना हलवल्या. मी खिडकीबाहेर बघत बसले. ही गोष्ट त्या एका बाईपुरती असेल असं मी धरून चालले होते. इथे तर अख्ख्या रस्त्याला ठाऊक होतं.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. घर कौलारू, अंगण सारवलेलं, भिंतीला जाळं टांगलेलं. रंजू माहेरी आली होती. तिने पाणी दिलं आणि डोळ्यांनी खूण केली, की आताच सांगा. आत प्रमोदचा फोटो होता, ऑफिसच्या ओळखपत्रावरचा मोठा करून लावलेला. त्यात तो फार गंभीर दिसतो. तसा तो नव्हता.

पारबताबाई साठीच्या पुढच्या, किरकोळ अंगाच्या, डाव्या पायावर भार न देता चालणाऱ्या. मला त्यांनी वाकून पाहिलं आणि पहिलं काय म्हणाल्या तर, "बरं झालं आजच आल्या. आज मोजाचा दिवस हाये. उद्या आल्या असत्या त नुसत्या बसून राहिल्या असत्या."

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. निघण्यापूर्वी मी नव्या उपग्रहाचं वेळापत्रक पाहिलं होतं. तोही एक दिवसाआड, तोही दुपारीच. फक्त त्याचे दिवस वेगळे. पारबताबाईंनी जुन्याचा हिशोब इतका काटेकोर सांभाळला होता, की त्या विसावा घेत तेव्हाच नवा डोक्यावरून जायचा. अकरा महिने त्या बरोबर रिकाम्या दिवशी तलावात जात होत्या. एक दिवस इकडे-तिकडे केला की झालं. "मावशी, उद्यापासून जात जा" एवढं म्हटलं असतं तर त्यांचं काम राहिलं असतं आणि माझी अब्रूही. तो मोह घेऊनच मी डोंग्यात बसले.

रंजू नको नको म्हणत होती. पारबताबाई म्हणाल्या, "मॅडम संगं हायेत न, मंग कायची भीती?" मॅडमला पोहता येतं, पण डोंग्यात धड बसता येत नाही हे मॅडमलाच माहीत होतं. डोंगा म्हणजे अरुंद लाकडी होडी. कडेला शिंगाड्याचे वेल पसरलेले, त्यातून वाट काढून आम्ही मोकळ्या पाण्यात गेलो. त्या बांबू रेटत होत्या आणि दर रेट्याला गुडघ्यापाशी चेहरा आवळत होता. तलाव सुंदर आहे. पलीकडे जंगलाची रेघ, पाण्यावर बदकं. मला ते सगळं फार दुरून दिसत होतं.

मध्यावर आल्यावर त्यांनी फोनमध्ये वेळ पाहिली. बाराला दोन मिनिटं. मग मान वर करून आभाळात पाहिलं, डोळ्यांवर हात धरून.

"आता येत असंन," त्या म्हणाल्या.

ताट पाण्यात सोडलं. दोर हळूहळू चालला, त्या बोटांनी गाठी मोजत होत्या. ताट हिरवट झालं, मग धुरकट, मग गेलं. "नऊ," त्या म्हणाल्या. "आज चांगलं हाये पानी. तुमीच लिवा, आज त तुमी डोंग्यातच हाव."

मला लिहिता येईना. काठावर गेल्यावर सांगू, असं ठरवलं होतं. पण त्या आभाळाकडे बघून माझ्याकडे वळल्या, हसल्या, आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"मावशी, वर कोणी नाही. प्रमोदचा तो उपग्रह बंद झालाय. प्रमोद गेला त्याच सुमाराला. तेव्हापासून तुम्ही मोजलेलं कोणीच पाहिलं नाही."

त्यांनी दोर ओढणं थांबवलं. ताट अर्धं पाण्यातच होतं.

"कोनीच नाही?"

"कोणीच नाही."

"अन्‌ तुमी?"

"मी फक्त अंगठा पाठवत होते."

"काहून?"

साधा प्रश्न होता, रागाचा नव्हता. मी म्हटलं, सांगायला धीर झाला नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.

"मले वाईट वाटंन म्हनून मले पान्यात पाठवत होत्या?"

यावर मी रडले, हे लिहायला हरकत नाही. त्या रडल्या नाहीत. मी नव्या उपग्रहाचंही सांगितलं, लपवून काय मिळवायचं होतं. एक दिवस पुढे गेलं तर तो येतो, पण तुमच्या गुडघ्याने आता जाऊ नये, असंही सांगितलं. त्यांनी विचारलं, नवा कोन पाहते? मी म्हटलं, आमच्यातलीच दुसरी मुलं पाहतात.

"मंग नको," म्हणाल्या. "थो प्रमोदचा नोहे."

ताट त्यांनी ओढून घेतलं, पदराने पुसलं, दोर गुंडाळला. मग बांबू उचलून डोंगा काठाकडे वळवला. काठावर रंजूने हात दिला तेव्हा तिला एवढंच म्हणाल्या, "झालं माय. उद्यापासून नाही जात." रंजूचा चेहरा मोकळा झाला आणि पुढच्याच क्षणाला आईकडे पाहून उतरला.

मला वाटलं होतं आता मला उपाशी परत पाठवतील, तेच योग्य झालं असतं. पण त्यांनी जेवायला वाढलं. मोकळा भात, झिंग्यांचा रस्सा, म्हणजे छोट्या कोळंबीचा, वर लसणाची फोडणी. झिंगे मी कोकणात जन्मभर खाल्ले, इतके गोड कधी लागले नाहीत. जेवताना त्या मधूनच उठून दाराशी जात, तलावाच्या दिशेने पाहत आणि परत येऊन बसत. काही विसरल्यासारखं करत होत्या. रंजूने सांगितलं, मोजून आल्यावर त्या नेहमी आकडा देवळाजवळ बसणाऱ्या बायांना सांगायच्या. आज काय सांगणार?

निघताना त्यांनी उकडलेल्या शिंगाड्यांची पिशवी दिली आणि गाडीपर्यंत आल्या. गाडी भरायला वेळ होता. आम्ही दोघी वडाच्या पारावर बसलो.

"एक काम करसान काय?" त्यांनी विचारलं. "तो दवाखान्यात जायाच्या आधी म्या जो आकडा सांगतला होता, थो त्यानं लिवला होता काय, पाहून सांगा. तेवढाच. बाकी नाही इचारत."

मी वचन दिलं. या वेळी अंगठा नाही, फोन करीन म्हटलं.

जाणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी, कारण तुम्ही त्यासाठीही इथे येता. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. शिंगाडे याच दिवसांत मिळतात, रस्त्याकडेला बाया उकडून विकतात, घ्या. तलावावर गेलात तर आधी ढिवरांना विचारा, त्यांच्या जाळ्यांवरून होड्या फिरवायची हौस करू नका. सानगडीत बाजाराच्या दिवशी गेलात तर मजा आहे, पण परतीची शेवटची गाडी विचारून ठेवा. दुपारनंतर खात्रीचं काही नसतं. आणि तर्री-पोहे प्रवासाच्या आधी खाऊ नका, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते.

गोव्यात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रमोदच्या जुन्या संगणकातली नोंदवही उघडली. ती कोणी उघडली नव्हती, मीसुद्धा. दोन रकाने होते. एकात आईच्या गाठी, दुसऱ्यात त्याच दिवशी उपग्रहाने पाहिलेला आकडा. शेवटची नोंद जानेवारीची, ताप यायच्या आदल्या दिवसाची. आठ गाठी. लिहिली होती.

शेजारचा रकाना रिकामा होता. ढग असतील म्हणून वर सरकले. त्याच्या वरचाही रिकामा. त्याच्याही वरचा. थेट आदल्या वर्षीच्या मार्चपर्यंत रिकामा. दहा महिने. मला काही कळेना, म्हणून मार्चची कागदपत्रं काढली. जुन्या उपग्रहाची वीज तेव्हा कमी पडायला लागली होती. त्यामुळे सेन्सर फक्त समुद्रावर असतानाच चालू ठेवावा, जमिनीवरचं सगळं बंद करावं, असा एक प्रस्ताव मंजूर झाला होता. प्रस्ताव प्रमोदचा होता. खाली त्याची सही.

म्हणजे त्याने स्वतःच्या हाताने आपल्या गावचा तलाव बंद केला होता आणि त्यानंतर दहा महिने एक दिवसाआड आईला फोन करून गाठी विचारत होता. पावसाळ्यातसुद्धा, जेव्हा ढगांमुळे कोणत्याच उपग्रहाला काही दिसत नाही. आणि प्रत्येक आकडा लिहून ठेवला होता.

संध्याकाळी फोन केला. रंजूने उचलून आईकडे दिला. मी सांगितलं, हो मावशी, लिहिला होता. आठ गाठी. त्या म्हणाल्या, "हो, आठच होत्या." इथे थांबता आलं असतं. त्यांनी तेवढंच विचारलं होतं. पण अर्धं सांगायची मला आता भीती बसली होती. मी बाकीचंही सांगितलं, की त्याला आकड्याचं काम उरलं नव्हतं. उपग्रहासाठी नाही, तो तुमच्यासाठी फोन करत होता.

पलीकडे कोणीतरी भांडी घासत होतं.

"तो इचारे, माय, आनखी काय चाललं?" त्या म्हणाल्या. "मले वाटे ऑफिसचा टाइम हाये, साहेब रागावतीन त्याले. म्या आकडा सांगो, अन्‌ फोन ठेवून देओ."

मी नुसती फोन कानाला धरून बसले. त्यांनीही ठेवला नाही.